पायाचे हाड जुळत नाही तेव्हा

पावसाळा लागला की आरमोरी, वडसा, कुरखेडा, ब्रह्मपुरी या धानाच्या पट्ट्यातला आपला बहुतेक समाज बांधीत उतरतो. रोवणीच्या चिखलात पाय रुततो, ओल्या धुऱ्यावरून घसरतो, कधी बंडीचे चाक पावलावरून जाते. उन्हाळ्यात मोहफुलांची वेचणी आणि तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. त्या दिवसांत साध्या चपलेवर दगडगोट्यांतून आणि खुंटांतून कोस-कोस चालावे लागते. मजुराच्या घरात पाय बसला की चूल बसते, हे वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको.

पाय दुखावला की आपल्याकडे हळद-तेल लावतात, फडके बांधतात आणि दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा कामावर जातो. "चालता येते ना, मग हाड मोडलेले नाही" असे घरातली जाणती माणसेही सांगतात. ही समजूत चुकीची आहे. पावलातले एखादे लहान हाड मोडले तरी माणूस लंगडत का होईना चालू शकतो. तसेच चालत राहिल्यामुळे हाड जुळायचे राहून जाते. तीन महिने, चार महिने, कधी वर्ष होते. संध्याकाळी सूज चढते, पाय टेकला की कळ येते, आणि मग कुजबूज सुरू होते. कोणी नजर लागली म्हणतो, कोणी करणी म्हणतो, कोणी मागल्या जन्मीचे भोग म्हणून गप्प बसायला सांगतो.

मागल्या जन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त बाबासाहेबांनी साफ नाकारला. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या त्यांच्या ग्रंथात प्रत्येक घटनेला कारण असते, ही गोष्ट ठामपणे मांडली आहे. हाड न जुळण्यालाही कारण असते. ते शोधता येते, बहुतेक वेळा दूरही करता येते, आणि जेथे हाडाची स्वतःची ताकद कमी पडते तेथे शस्त्रक्रियेने हाडाचे कलम बांधता येते. ही माहिती आपल्या घराघरांत पोहोचावी, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

हाड जुळते कसे

एका पावलात २६ हाडे असतात. हाड मोडले की त्या जागी रक्त साकळते. त्यात नव्या पेशी आणि केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या शिरतात. दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकांमध्ये मऊ सांधा तयार होतो. पुढे त्यात कॅल्शियम भरत जाते आणि तो कठीण होतो. पावलातली बहुतेक हाडे सहा ते आठ आठवड्यांत चालण्यापुरती जुळतात, मात्र पुरती मजबूत व्हायला काही महिने लागतात. या सगळ्या कामाला दोन गोष्टी लागतात. त्या जागी पुरेसे रक्त आले पाहिजे आणि ती जागा हलता कामा नये.

पावलातल्या काही जागांना निसर्गतःच रक्त कमी मिळते. एक म्हणजे करंगळीच्या मागे पावलाच्या बाहेरच्या कडेने जाणारे लांब हाड. ते बुडाजवळ विशिष्ट ठिकाणी मोडले तर जुळायला फार त्रास देते. लिव्हरपूलचे शल्यविशारद रॉबर्ट जोन्स यांचे हे हाड नाचताना पाय वळून मोडले होते. त्यांनी १९०२ साली या मोडीचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून जगभरचे डॉक्टर आजही तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. दुसरी जागा पावलाच्या कमानीत आतल्या बाजूला असलेले होडीच्या आकाराचे हाड, आणि तिसरी घोट्याच्या आत बसलेले हाड. या तिसऱ्या हाडाचा बराचसा भाग कूर्चेने झाकलेला असतो, त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागाच थोडी असते. या तीन ठिकाणची मोड सुरुवातीलाच ओळखली गेली, तर पुष्कळ हाल वाचतात.

तीन महिने होऊनही नेमक्या त्याच जागी दाबल्यावर दुखत असेल, तर पुन्हा एक्स-रे काढलाच पाहिजे. साध्या फोटोत कळले नाही, तर सीटी स्कॅन करून पाहतात. सहा ते नऊ महिन्यांपर्यंत जुळण्याची खूण दिसली नाही, तर ते हाड आपोआप जुळणार नाही असे डॉक्टर साधारणपणे मानतात.

आपल्या भागातली कारणे

पहिले कारण घाई. सहा आठवड्यांचे प्लास्टर सांगितले असता तिसऱ्याच आठवड्यात ते भिजवून काढून टाकणारे लोक आहेत. रोजी बुडते, म्हणून माणूस तसे करतो. त्याला नुसते दोष देऊन भागणार नाही, याबद्दल आम्ही पुढे लिहिले आहे.

दुसरे कारण खर्रा. आरमोरीपासून अहेरीपर्यंत पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून दिला जातो. त्यातले निकोटीन रक्तात जाते आणि रक्तवाहिन्या आवळते. ज्या हाडाला आधीच रक्त कमी, त्याचा उरलासुरला पुरवठाही आटतो. विडी ओढली काय, खर्रा चघळला काय किंवा दातांना गुडाखू घासला काय, निकोटीन तेच. पुष्कळ शल्यविशारद तर शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी तंबाखू पूर्ण बंद करायला सांगतात आणि हाड जुळेपर्यंत ती बंदच ठेवायला लावतात. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली, २०१६ साली दारू आणि तंबाखूविरुद्ध 'मुक्तिपथ' हे अभियान सुरू झाले. पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो, पण ते मद्यापुरते धरतो आणि विहाराच्या पायरीवर बसून खर्रा घोटतो. याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

तिसरे कारण सिकलसेल. विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या बौद्ध समाजात, तसाच गोंड, माडिया, परधान या समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात. त्यामुळे हाडाचा भाग मरू शकतो, हाडात पू होऊ शकतो आणि जुळण्याचे काम रेंगाळते. या रुग्णावर शस्त्रक्रिया करता येते, पण आधी तयारी करावी लागते. शरीरात पाणी भरपूर असावे लागते, अंग गार पडू द्यायचे नसते, प्राणवायू कमी पडू द्यायचा नसतो, कधी आधी रक्त द्यावे लागते. म्हणून घरात कोणाला सिकलसेल असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते न विचारताही सांगावे. तपासणी झाली नसेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी करून घ्यावी. सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून सरकारी दवाखान्यांतून ही तपासणी होते. हा आजार लपवण्यात कसली अब्रू राखली जात नाही, उलट जीव धोक्यात येतो.

चौथे कारण साखरेचा आजार आणि पायाचा बधिरपणा. मधुमेह किंवा कुष्ठरोग यामुळे पावलाची संवेदना गेली असेल, तर हाड मोडूनही दुखत नाही आणि माणूस चालत राहतो. पाऊल न दुखता सुजले, लाल व गरम झाले, तर ते साधे समजू नये.

पाचवे कारण अर्धपोटी शरीर. हाड बांधायला प्रथिने, कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व लागते. अंडी, डाळ, वैनगंगेची लहान मासोळी काट्यासकट, शेवग्याचा पाला, आणि कोवळे ऊन हे आपल्या आवाक्यातले आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हाड बसवणाऱ्या वैदूकडे जाऊन बांबूच्या कामट्या करकचून बांधून घेण्याची रीत अजून आहे. कांडवेलीचा लेप लावून वर घट्ट बांधले जाते. बोटे थंड, निळी किंवा बधिर पडली, तर रक्त अडले असे समजून बांधलेले तत्काळ सैल करावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. त्यात उशीर झाला, तर बोटे किंवा पाऊलही गमवावे लागते.

तथागतांचे पाऊल आणि जीवक

पावलाच्या जखमेची एक कथा आपल्या परंपरेतच आहे. राजगृहाजवळ गृध्रकूट पर्वतावर देवदत्ताने वरून मोठा दगड लोटला. त्याची कपची लागून तथागतांचे पाऊल जखमी झाले. वेदना फार होत्या आणि त्यांनी त्या शांत चित्ताने सोसल्या, असे सुत्तात सांगितले आहे. पण सोसणे म्हणजे उपचार नाकारणे असा अर्थ त्यांनी केला नाही. त्यांना जीवकाच्या आम्रवनात नेले गेले. जीवक तक्षशिलेला सात वर्षे शिकलेला वैद्य होता. त्याने औषध लावून पट्टी बांधली.

अट्ठकथेत पुढचा भाग असा आहे. संध्याकाळी येऊन पट्टी सोडीन, असे सांगून जीवक नगरात दुसऱ्या रुग्णाकडे गेला आणि परत येईपर्यंत वेशीचे दरवाजे बंद झाले. पट्टी वेळेवर सुटली नाही तर दाह होईल, या काळजीने त्याला रात्र काढावी लागली. इकडे तथागतांनी आनंदाकडून पट्टी वेळेवर सोडवून घेतली होती. बांधण्याइतकेच सोडण्याच्या वेळेलाही महत्त्व असते, हे त्या काळच्या वैद्याला आणि त्याच्या रुग्णालाही ठाऊक होते. प्लास्टर आधी काढू नये आणि ठरल्या दिवसाच्या पलीकडेही ठेवू नये, हे डॉक्टर आज सांगतात ते त्याच जातीचे आहे.

हाडाचे कलम म्हणजे काय

फोटोत हाडाची टोके फुगून जाड झालेली दिसली, तर तेथे रक्त आहे पण जागा हलते आहे, असा अर्थ होतो. अशा वेळी धातूची पट्टी किंवा स्क्रू लावून घट्ट बसवले की पुष्कळदा कलमाशिवायही हाड जुळते. टोके निमुळती, मेल्यासारखी दिसली, तर तेथे नवे हाड बनवण्याची ताकदच उरलेली नसते आणि तेथे कलम लागते. पू झाला असेल, तर आधी तो साफ करून मगच पुढचे काम करता येते.

कलम हा शब्द आपल्या शेतकऱ्याला नवा नाही. अमेरिकेतले फ्रेड आल्बी हे शल्यविशारद लहानपणी आजोबांकडून फळझाडांना कलम बांधायला शिकले होते. १९११ साली त्यांनी क्षयाने पोखरलेल्या मणक्यांवर हाडाचे कलम बांधण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि पहिल्या महायुद्धात असंख्य जखमी सैनिकांना तिचा उपयोग झाला. त्याच्याही फार आधी, सतराव्या शतकात, एका डच शल्यविशारदाने कवटी फुटलेल्या रशियन माणसाला कुत्र्याच्या हाडाचा तुकडा बसवल्याची नोंद वैद्यकाच्या इतिहासात आहे. तो माणूस बरा झाला, पण चर्चने त्याला बहिष्कृत केले. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

आज बहुतेक वेळा रुग्णाचे स्वतःचेच हाड वापरतात. कमरेला करदोडा बांधतो त्याच्या खाली बाजूला जे हाड हाताला लागते, त्याच्या आतला मऊ, जाळीदार भाग काढतात. थोडाच भाग हवा असेल, तर टाचेचे किंवा नडगीचे हाडही चालते. स्वतःचे असल्यामुळे शरीर ते नाकारत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ सालापासून ऊतिपेढी आहे, तेथे दान केलेले हाड किरणांनी निर्जंतुक करून वापरण्याजोगे केले जाते. पण जिवंत पेशी फक्त स्वतःच्या ताज्या हाडात मिळतात, म्हणून डॉक्टर प्रथम त्याचाच विचार करतात.

शस्त्रक्रिया पाठीत सुई देऊन कमरेखाली बधिर करून किंवा पूर्ण भूल देऊन होते. न जुळलेल्या जागेतला मेलेला भाग खरवडून काढतात. हाडातून रक्ताचे थेंब दिसू लागले, म्हणजे जिवंत हाड लागले. मग त्या पोकळीत कमरेच्या हाडाचे कण ठासून भरतात आणि स्क्रूने किंवा पट्टीने जागा घट्ट करतात. हे कण जसेच्या तसे कायम राहत नाहीत. ते मांडवासारखे काम करतात. त्यांच्यातून नव्या रक्तवाहिन्या वाढतात, जुने कण झिजतात आणि त्यांच्या जागी नवे हाड येते. याला महिने लागतात. म्हणून टाके निघाले म्हणजे पाय बरा झाला, असे समजू नये.

धोकेही स्पष्ट सांगितले पाहिजेत. पू होऊ शकतो, पायाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊ शकते, मांडीचा बाहेरचा भाग बधिर होऊ शकतो. कमरेची जागा काही आठवडे पायापेक्षा जास्त दुखू शकते. आणि काही रुग्णांचे हाड कलमानंतरही जुळत नाही. खर्रा चालू, साखर वाढलेली आणि पाय तिसऱ्याच आठवड्यात जमिनीवर, असे असेल तर उत्तम शल्यविशारदाचे कामही वाया जाते.

कुठे जावे, खर्च कसा

आरमोरीच्या उपजिल्हा रुग्णालयात प्रथम दाखवावे आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी घ्यावी. पुढे गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय आहे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, २०१५ साली सुरू झालेले चंद्रपूरचे महाविद्यालय आणि सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे.

२ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या ज्या आठ जिल्ह्यांत सरकारची जीवनदायी आरोग्य योजना प्रथम सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. २०१७ साली तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले. २०२३ साली कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय झाला. रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर ठेवावे आणि योजनेतल्या रुग्णालयात बसलेल्या आरोग्यमित्राला आधी भेटावे. आपली शस्त्रक्रिया या रुग्णालयात योजनेत बसते का, हे भरती होण्यापूर्वीच विचारावे. जुने सगळे फोटो, अगदी पहिल्या दिवसाचासुद्धा, जपून न्यावेत. हाड पुढे सरकले की थांबले, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळते.

डॉक्टरांना प्रश्न विचारायला भिऊ नये. माझे हाड का जुळले नाही? कलम लागणारच का? हाड कोठून घेणार? किती आठवडे पाय टेकायचा नाही? कामावर केव्हा जाता येईल? एवढे पाच प्रश्न कागदावर लिहून न्यावेत.

घराचे आणि विहाराचे काम

शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा ते आठ आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नसतो आणि शेतकामाला परत जायला चार-सहा महिनेही लागू शकतात. येथेच आपल्या घरांची परीक्षा होते. पुरुषाचा पाय मोडला तर त्याला खाटेवर बसवले जाते. तोच पाय माय-बहिणीचा असेल, तर ती दुसऱ्या दिवशी विहिरीवर दिसते, चुलीपुढे उकिडवी बसते आणि रोवणीलाही जाते. बाईचे हाड पुरुषाच्या हाडापेक्षा लवकर जुळत नाही. बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. ते माप आपल्या घरातल्या खाटेलाही लावून पाहावे. पाणी कोण भरेल, भात कोण शिजवेल, हे शस्त्रक्रियेच्या आधी घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी ठरवले पाहिजे.

पण एकट्या घराला हे झेपत नाही. म्हणून आमची विहार समित्यांना आणि महिला मंडळांना विनंती आहे. प्रत्येक विहारात कुबड्यांचा एक जोड आणि एक वॉकर ठेवावा. ज्याला लागेल त्याने न्यावा, बरा झाला की परत आणून द्यावा. पाय मोडलेल्याच्या बांधीत रोवणीचा एक दिवस सर्वांनी मिळून द्यावा. वर्षावासात धम्मग्रंथाचे वाचन होते, तेव्हा एका संध्याकाळी दवाखान्यातल्या डॉक्टरांना किंवा परिचारिकेला बोलावून सिकलसेल आणि खर्रा यांवर बोलायला सांगावे. आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हातांनी धुतले, आनंदाबरोबर उचलून अंथरुणावर ठेवले आणि संघाला सांगितले की रुग्णाची सेवा ही माझीच सेवा आहे. त्या धम्माच्या उपासकांना कुबड्यांचा एक जोड जड नाही.

ज्यांच्या घरात कोणी महिनोन् महिने लंगडत आहे, त्यांनी रोवणी संपण्याची वाट पाहू नये. या आठवड्यात जुने फोटो शोधून काढावेत, खर्रा बंद करावा आणि दवाखान्याची वाट धरावी. दर ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर हजारो पावले येतात. त्यांत लंगडणारे पाऊल उपचाराविना राहिलेले नसावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम.